कूलर बंद कर, साखर रडतेय

मे महिन्यातली दुपार होती. मयूर विहारात बाहेर चव्वेचाळीस अंश, आणि माझ्या खोलीत एखाद-दुसरा अंश जास्तच, कारण डोक्यावर थेट गच्ची. मी कूलरसमोर मांडी घालून उष्णता आणि कामगारांचे हक्क या विषयावर एक जळजळीत पत्रक लिहीत होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात साठी ओलांडलेले एक गृहस्थ. अंगात बनियन, खाली खाकी हाफ पँट, वरून कडक इस्त्रीचा पांढरा एप्रन, हातात लाकडी चमचा. ओळख ना पाळख. म्हणाले, "पोरी, कूलर बंद कर. साखर रडायला लागली."

दिल्लीत तोवर मला सहा वर्षं झाली होती. मराठी मुलगी म्हटल्यावर लोकांनी मला वडापाव मागितला होता, भाडं वाढवून मागितलं होतं, एकाने तर लावणी करून दाखव म्हणून सांगितलं होतं. पण मे महिन्यात कूलर बंद करायला सांगणारा माणूस हा पहिलाच.

भानगड अशी होती. माझ्या कूलरची ओली हवा खोलीतून फिरून मागच्या बाल्कनीच्या दारातून बाहेर पडायची. त्या दाराला लागूनच शेजारच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराची खिडकी. आणि त्या स्वयंपाकघरात हे गृहस्थ साखरेचा मोर उभा करत होते. साखरेचं काम कोरड्या हवेतच होतं, दमट हवा लागली की साखरेला घाम फुटतो, ती चिकट होते, वाकते. याला ते 'रडणं' म्हणत. ज्या लूच्या झळांना सगळी दिल्ली शिव्या घालते, त्या लूची हा माणूस आतुरतेने वाट बघायचा. "हे आपले सीझनचे दिवस," ते मला म्हणाले, "आणि तुम्ही लोक त्यात पाणी घालता."

हे घाडगे काका. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना सुभेदार म्हणतात. खरं तर ते सैन्यात आचारी होते, ऑफिसर्स मेसमध्ये, आणि निवृत्त झाले तेव्हा हवालदार होते. पण गेटवरच्या गार्डला मिशांच्या मानाने ते पद कमी वाटलं, म्हणून त्याने परस्पर बढती दिली. काकांनी ती नाकारली नाही. हवालदार म्हटलं की गावाकडच्या लोकांना पोलीस चौकी आठवते, असं त्यांचं म्हणणं. गाव सातारा जिल्ह्यातलं. फ्लॅट मुलाचा, मुलगा कॅनडात, काकू जाऊन पाच-सहा वर्षं झालेली. काका स्वतःला फ्लॅटचे 'गार्ड कमांडर' म्हणवून घेत आणि दिवसभर साखर वितळवत.

आता मी पडले लढाऊ कार्यकर्ती. लातूरहून यूपीएससी द्यायला आले, तीनदा दिली, तिन्हीदा आयोगाने माझी दखल घेतली नाही, तेव्हा आयोगासकट सगळ्या व्यवस्थेचीच दखल घ्यायचं मी ठरवलं. एका छोट्या संघटनेत पत्रकं लिहायचं काम मिळालं. तीन वर्षांत मला अशी सवय लागली की दूधवाला उशिरा आला तरी डोक्यात आधी शीर्षक तयार व्हायचं आणि मग मागण्या. तेव्हा काकांनी कूलर बंद करायला लावल्यावर मी काय केलं असेल हे सांगायला नको. त्याच संध्याकाळी 'कूलर ही चैन नव्हे, जगण्याचा प्रश्न आहे' अशा मथळ्याचं पत्रक पिवळ्या कागदावर छापून त्यांच्या दाराखालून सरकवलं. त्यात पाच मागण्या होत्या. पाचवी मागणी शेजाऱ्याने एप्रनखाली सदरा घालावा अशी होती.

दोन दिवसांनी ते पत्रक परत आलं. स्टीलच्या ताटलीत नीट अंथरलेलं, आणि त्यावर तांबूस साखरेचे काचेसारखे तुकडे. काका म्हणाले, "आजचे जखमी हायत. चहाबरोबर खा. आणि हा कागद चांगला हाय, तेल सगळं शोषून घेतो. आणखी हायत का?"

होते. दोनशे होते. मी पन्नास दिले. माझ्या हातून लिहून झालेल्या सगळ्या साहित्यात प्रत्यक्ष समाजाच्या उपयोगी पडलेलं ते एकमेव पत्रक.

त्यानंतर तह झाला. बेल दोनदा वाजली की मी कूलर बंद करायचा, एकदा वाजली की चालू करायचा आणि चहाला जायचं. चहाबरोबर जखमी. मोडलेला पंख, तुटलेली पाकळी, कधी नुसतीच एक चोच. काका स्वतः कधी खायचे नाहीत. स्वयंपाकघरात एका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मी त्यांची कारागिरी बघायचे आणि त्यांच्याशी भांडवलशाहीवर बोलायचे. ते ऐकून घ्यायचे. माणूस बोलत असला की त्याच्या तोंडाची वाफ साखरेवर जाते, म्हणून मी तोंड खिडकीकडे करून बोलावं, एवढीच त्यांची अट असायची.

पद्धत तशी साधी होती. साखर, थोडं पाणी, लिंबाचे चार थेंब. ढवळायचं नाही. कडेला उडालेला कण ओल्या ब्रशने लगेच पुसायचा, नाहीतर "एक फितूर झाला की सगळी पलटण फितूर होते" आणि पाकाची पुन्हा साखर बनते. पाक आधी पाण्यासारखा दिसतो, मग मधासारखा, मग जुन्या पितळेसारखा. पितळ आणि जळकं यांच्यात एका श्वासाचं अंतर. पळीच्या पाठीला तेलाचं बोट फिरवून त्यावर पाकाच्या आडव्याउभ्या तारा सोडायच्या, गार झाल्या की टोपीसारख्या उचलायच्या. झाला पिंजरा. हे पिंजरे ते श्रीखंडावर ठेवत, शिऱ्यावर ठेवत, एका एकादशीला मला साबुदाण्याची खिचडीसुद्धा पिंजऱ्यात मिळाली. मेसमध्ये साहेब लोकांचं कॅरॅमल कस्टर्ड त्यांनी पंचवीस वर्षं उघडं जाऊ दिलं नव्हतं. "उघडं पुडिंग म्हंजे टोपी नसलेला जवान," ते म्हणायचे.

मी एकदा मोठ्या उत्साहाने त्यांना तापमान मोजायचा काटा आणि टायमर घेऊन द्यायचं म्हटलं. त्यांना ते अपमानास्पद वाटलं. "रंग बघ, पोरी. वेळ बघू नको. घड्याळ बघणाऱ्याच्या हातून साखर होत नाय." हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणत. मला ते फार आवडलं होतं. मी ते एका पत्रकात वापरलंही, क्रांतीबद्दल.

त्यांच्या हातांच्या बोटांवर रेषा नव्हत्या. गरम साखरेने पुसून टाकल्या होत्या. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले की मशीन त्यांना ओळखायचं नाही, मग डोळा दाखवावा लागायचा. आणि तयार वस्तू ठेवायच्या डब्यात ते नव्या बुटांच्या खोक्यात निघणाऱ्या दाणेदार पुड्या घालत, ओल शोषून घ्यायला. त्यामुळे बिल्डिंगमध्ये कुणी नवे बूट घेतले की पहिली बातमी काकांना असायची. पुडी मागायला जाताना ते एक गुलाब घेऊन जात, अर्थात साखरेचा. अरोरा आंटींना दोन महिन्यांत चार गुलाब गेले तेव्हा जिन्यात कुजबुज झाली. मी त्याविरुद्ध पत्रक काढणार होते, पण चौकशीअंती कळलं की आंटींना बुटांचा शौक आहे, बस.

आमचं खरं भांडण झालं ते रुखवतावरून. दिल्लीतल्या मराठी घरांत, कँटोनमेंटमधल्या जवानांपासून कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी लोकांपर्यंत, कुणाच्याही मुलीचं लग्न निघालं की रुखवतातली एक तरी वस्तू काकांच्या हातची असे. मुलीकडच्यांनी लग्नात मांडायची ती हौसेची आरास. त्यात काका साखरेचं तुळशीवृंदावन करत, साखरेची बैलगाडी करत. आणि माझ्या संघटनेने नेमकं रुखवताविरुद्ध आघाडी उघडायचं ठरवलं. पत्रक अर्थात मीच लिहिलं: 'रुखवत: हुंड्याचा धाकटा भाऊ'. एका लग्नाच्या हॉलच्या दारात उभी राहून मी ते वाटत होते. नवरीच्या आजीने एक प्रत आवडीने घेतली आणि वारा घालायला सुरुवात केली.

आत रुखवताचं टेबल मांडत असलेले काका बाहेर आले. त्यांनी पत्रक घेतलं, ओठ हलवत सगळं वाचलं. मी बाह्या सरसावून उभी. ते म्हणाले, "बरोबर लिहिलंस. मापात लिहिलंस. पण दारात उभी राहू नको. दार उघडं राहिलं की एसी जातो, आणि आत माझे बैल रडतात."

त्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. टेबल मांडून झाल्यावर काका निघाले. अक्षतांना अजून अर्धा तास होता, यजमान हात धरून थांबवत होते, पण काका थांबले नाहीत. पुढच्या लग्नातही तेच, त्याच्या पुढच्याही. आरास मांडायची आणि अक्षता पडायच्या आत जिना उतरायचा. मी यावरून निष्कर्ष काढला की हा माणूस मनातून विवाहसंस्थेच्या विरोधात आहे. मेट्रोतून परत येताना मी त्यांना आमच्या संघटनेचा सभासद व्हायचं निमंत्रणसुद्धा दिलं. ते फॉर्म घेऊन म्हणाले, कागद जाड आहे, हा तेल शोषणार नाही.

मग वर्षभराने माझंच लग्न ठरलं. मुलगा सुमित, आमच्याच संघटनेतला, मूळचा पानिपतचा, वडिलांचा चादरींचा धंदा. लग्न नोंदणी पद्धतीने, हार नाहीत, मांडव नाही, जेवणावळ नाही. आई-बाबा येणार नव्हते. त्यांना लातूरला मांडव हवा होता, मला नको होता, आणि दोन्ही बाजूंची निवेदनं प्रसिद्ध होऊन चुकली होती. मी काकांना सांगायला गेले तेव्हा ते पाक बघत होते. मान वर न करता म्हणाले, "मराठ्यांची पोर पुन्हा पानिपतावर निघाली म्हण की. ह्या वेळी तरी रसद नीट ने."

मी म्हटलं, मला रसद नको, साक्षीदार हवाय. तीन लागतात. एक माझी रूममेट, एक सुमितचा मित्र, तिसरे तुम्ही या. काकांनी गॅस बारीक केला. येतो म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, तुझं रुखवत मी करतो, असंही म्हणाले.

आता या बाबतीतली माझी भूमिका छापील होती. मी ती उभ्या उभ्या पूर्ण ऐकवली, धाकट्या भावासकट. काकांनी ऐकून घेतली. मी खिडकीकडे तोंड करायला विसरले होते, तरी काही बोलले नाहीत. मग ओट्याला टेकून त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण त्यात माझ्या हातची एकही मागणी नाही.

"माझ्या पोरीचं, सुरेखाचं लग्न होतं गावाकडं. तवा मी पूर्वेकडं होतो, मेसला. सुट्टी मंजूर, रेल्वेचं वॉरंट खिशात. त्याच हप्त्यात कर्नलसाहेबांच्या मुलीचं लग्न. मी साखरेचा हंस करत होतो, एवढा, कमरेइतका. पाऊस लागला. हंसाची मान काय उभी राहीना. तीनदा पडली. साहेब स्वतः आले, म्हणाले, घाडगे, निकलो, तुम्हारी गाडी है. मीच म्हणालो, साहेब, बस मान उभी करून जातो." त्यांनी ब्रशने भांड्याची कडा पुसली. "मान उभी राहिली. लई नामी राहिली. गाडी गेली. मी गावात पोचलो तवा मांडवाचे बांबू काढत होते. पोर पाचपरतावणीला माहेरी आली तवा भेटली. पाया पडली आणि म्हणाली, बाबा, हंस झाला का? मी म्हणालो, झाला."

मग, असं मी विचारलं.

"मग काय. बरं चाललंय तिचं. दर रविवारी फोन करते. त्यावर कधी एक शब्द बोलली नाय."

मी एवढंच म्हटलं की बरं, करा, पण हाताएवढंच करा आणि त्याला रुखवत म्हणायचं नाही. "नाय म्हणत," काका म्हणाले. "रसद म्हणू." काय करणार, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

लग्न जूनच्या पहिल्या आठवड्यात. नोंदणी कार्यालयातली वेळ साडेअकराची. आमच्या आधी एक जोडपं, नंतर एक, आणि वेळ चुकली तर नवी तारीख, असं तिथल्या बाईंनी दोनदा बजावलेलं. काका पहाटेपासून कामाला लागले होते. सकाळी सात वाजता दोनदा बेल वाजली, म्हणजे कूलर बंद. मी शहाण्यासारखा बंद केला. सुमित आणि बाकीचे परस्पर कार्यालयात येणार होते, रूममेट पुढे गेली. राहिले मी आणि साडी. साडीविरुद्ध मी कधी पत्रक काढलं नाही ही माझ्या कारकिर्दीतली मोठी चूक. आईने रागारागाने का होईना कुरिअरने पाठवलेली ती पैठणी मी चार वेळा नेसले आणि पाच वेळा सुटली. घामाने ब्लाऊज अंगाला चिकटला, काजळ गालावर आलं. आणि दहा वाजण्याच्या सुमारास, निऱ्या दातात धरून, कसलाही विचार न करता मी पायाच्या अंगठ्याने कूलरचं बटण दाबलं.

काय सुख होतं ते! अर्धा तास मी त्या हवेत न्हायले. मग निऱ्या खोचल्या, आणि तेव्हा मला आठवलं.

मी तशीच शेजारी धावले. दार उघडंच होतं. ओट्यावर, तेल लावलेल्या परातीत, हंस होता. तळहाताएवढा, पंख तारांचे, अंगातून खिडकीतला उजेड आरपार जात होता. मान खाली वाकली होती. मी बघत असतानाच ती आणखी थोडी वाकली, आणि कट्ट असा बारीक आवाज होऊन परातीत पडली.

माझ्या घरातून कूलरची घरघर ऐकू येत होती, ती आम्ही दोघंही ऐकत होतो. मी जाऊन तो बंद केला आणि परत आले. तोवर त्यांनी गॅसवर दुसरं भांडं चढवलं होतं. साखर, पाणी, चार थेंब लिंबू. माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "वीस मिनिटं दे. बस मान उभी करतो."

दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. पोचायला पाऊण तास. माझी चूक होती, संपूर्ण माझी, त्यामुळे घोषणा द्यायला समोर कुणी उरलंच नव्हतं. मला म्हणायचं होतं की काका, चला. चार वर्षं मी रस्त्यावर उभी राहून मंत्र्यांना चला म्हणून सांगितलेलं आहे. पण मला ते म्हणता येईना. मी पैठणीसकट माझ्या नेहमीच्या स्टुलावर जाऊन बसले आणि सवयीने तोंड खिडकीकडे केलं.

पाक चढत होता. पाण्यासारखा झाला, मधासारखा झाला. काका ब्रशने कडा पुसत होते. एकदा त्यांनी मागे वळून बघितलं. मी गालावरचं काजळ पुसत होते, घामाचंच होतं ते, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. पाक पितळेच्या रंगावर आला. इतका सुंदर रंग मी त्या स्वयंपाकघरात पूर्वी बघितला नव्हता. काकांनी रंग बघितला. मग मान वर करून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि गॅस बंद केला.

तांब्यातलं पाणी त्यांनी सरळ भांड्यात ओतलं. चर्रर्र झालं, वाफेचा लोट छताला गेला. एप्रनची गाठ सोडत म्हणाले, "चल. भांडं भिजू दे तवर."

आम्ही पोचलो तेव्हा आमचं नाव पुकारलं जात होतं. साक्षीदाराच्या अंगठ्याची पाळी आली तेव्हा मशीनने काकांना नेहमीप्रमाणे ओळखायला नकार दिला. सही चालेल, असं बाई म्हणाल्या. काकांनी सावकाश, जाड अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, आणि सही कोरडी होईपर्यंत कागदावर हात धरून उभे राहिले. अक्षता नव्हत्याच. तरी सगळं होईपर्यंत ते सावधानच्या पवित्र्यात उभे होते, आणि झाल्यावरही कुठे गेले नाहीत. सुमितच्या वडिलांनी त्यांना चादर पांघरली, जूनमध्ये, तीही त्यांनी काढली नाही.

नंतर मी त्यांना शोधायला व्हरांड्यात गेले. तिथे एक मोठा कूलर धडधडत होता. उभ्या आयुष्यात कूलरच्या वाऱ्याला न बसलेला हा माणूस बरोबर त्याच्यासमोर बाक ओढून बसला होता, चादरीसकट, आणि ओली हवा तोंडावर घेत होता. कानाला फोन. वार रविवार नव्हता.

"सुरेखा, मी बोलतोय... नाय, सगळं ठीक हाय. एका पोरीच्या लग्नाला आलोय, शेजारच्या... हां, इथंच हाय अजून. वेळेवर पोचलो."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाय गं," ते म्हणाले. "हंस नाय झाला."